मांगराचं छप्पर वाऱ्यात टिकावं म्हणून: गोव्यात खांबांवरची शेड बांधण्याची रीत

१६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सत्तरीतल्या माझ्या मामाच्या मांगराचं (गुरं आणि शेतमाल ठेवायच्या शेडीचं) छप्पर उडालं. पत्रे रिपांसकट (खालच्या लाकडी पट्ट्यांसकट) उचलले गेले आणि पलीकडच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पोफळींवर जाऊन पडले. दोन मेढी (जमिनीत रोवलेले लाकडी खांब) जमिनीतून उपटून आल्या होत्या. गुरं आदल्या दिवशी घराच्या पडवीत आणून बांधली होती, म्हणून वाचली. त्याच मेढींवर पूर्वी कित्येक वर्षं मंगळुरी कौलं होती आणि तेव्हा एकही मेढ हलली नव्हती. कौलं उतरवून पत्रे घातल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मी बांधकामाच्या कामात असूनही तो बदल होताना मला काही खटकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत गोठ्याच्या आणि शेतमालाच्या ज्या शेडी मी उभ्या केल्या, त्या सगळ्यांचा हिशोब छप्पर वर उचललं जाण्यापासून सुरू केला. हा लेखही त्याच क्रमाने, पण आधी जागा आणि कागद, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं पाडावं लागतं.

ही शेड म्हणजे नेमकं काय? जोत्यावर भिंती आणि भिंतींवर छप्पर, असं इथे नसतं. खांब सरळ जमिनीत रोवलेले किंवा छोट्या पायांवर बसवलेले, त्यांवर कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), कैच्यांवर पत्रे. भिंत असली तरी ती फक्त आडोसा, भार सगळा खांबांवर. आपला मेढींचा मांगर हाच. अमेरिकेत याला पोल बार्न म्हणतात आणि इंटरनेटवर त्याचे भरपूर आराखडे मिळतात. ते जसेच्या तसे उचलू नका. तिथे खड्ड्याची खोली बऱ्याचदा जमीन किती खोलवर गोठते त्यावरून ठरते आणि छपराचा उतार बर्फाच्या ओझ्यावरून. आपल्याकडे खोली ठरवतो वारा आणि पावसाने फुगलेली माती, उतार ठरवतो पाऊस.

जागा आणि कागद

सर्वांत आधी नमुना १ व १४ चा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढा. उताऱ्यावर कुळाचं नाव आहे का, इतर हक्कांत कोण आहे, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर त्याच सर्व्हे नंबरात आहे का, हे नीट वाचा. गोव्यात नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांचा मालमत्तेत हक्क असतो, आणि जुन्या घराण्यांच्या भाटांत सहमालक दहा-बारा असणं नवीन नाही. संमतीपत्रं गोळा करायला चतुर्थीला सगळे घरी येतात ते दिवस बरे.

कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर १९९१ चा गोवा भू-वापर नियमन कायदा लागू होतो आणि ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. शेड खरोखर शेतीची असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा, आणि पुढे तिथे गॅरेज किंवा पर्यटकांच्या खोल्या काढायचा विचार मनातून काढून टाका. इतर जमिनीवर असा बिगरशेती वापर करायचा झाला तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली सनद (वापर बदलण्याची परवानगी) लागते.

नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्या. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमचा सर्व्हे नंबर वस्तीत आहे, बागायतीत आहे की भातशेतीत, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. शेतघर म्हणजे राहायची जागा हवी असेल तर जमीन किमान ४,००० चौरस मीटर लागते. गुरांच्या शेडीचा प्रस्ताव शेतघराच्या नावाखाली दिला की फाईल नको त्या टेबलावर जाऊन बसते, म्हणून नकाशावर वापर ठळक लिहा: गोठा, चारा, अवजारं.

डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची असेल, तर नगरनियोजन कायदा १९७४ च्या कलम १७-अ खाली आधी परवानगी हवी. शेडीसाठी सपाटी करायची म्हणून दोन दिवस जेसीबी लावणारे या कलमात अडकतात. उतारावर शेड हवी असेल तर खांब कमी-जास्त उंचीचे घेता येतात. खांबांवरच्या बांधकामाचा हा मोठा फायदा आहे, तो वापरा. खाजन जमिनीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) भराव घालायचा विचारही करू नका.

समुद्रकिनारी भरती-रेषेपासून ५०० मीटर, आणि खाडी-नदीकाठी भरती जिथवर पोचते तिथे १०० मीटर किंवा नदीची रुंदी यांतलं जे कमी, एवढा पट्टा २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत येतो. मांडवी, झुवारी, शापोरा यांची भरती बरीच आत येते, त्यामुळे समुद्र दिसत नाही म्हणून आपण सुटलो असं धरू नका. झाड आड येत असेल तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ मध्ये माड त्या कायद्यातून वगळला गेला होता, पण पुढच्याच वर्षी तो परत आत आला, तेव्हा माड तोडायलाही परवानगी लागते.

यानंतर पंचायत. गोवा पंचायतराज कायदा १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीच्या परवान्याशिवाय बांधकाम करता येत नाही, आणि पत्र्याची शेडही बांधकामच. अर्जाबरोबर नोंदणीकृत अभियंत्याचे नकाशे आणि रचनेची जबाबदारी घेणारा दाखला द्यावा लागतो. आपल्या भागात हा दाखला कधीकधी नुसता सहीपुरता मिळतो. अभियंत्याकडून हिशोबाची पानं मागून घ्या. ज्याने हिशोब केलाच नाही, तो पानं देणार नाही.

विजेच्या तारांखाली शेड नको. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर सुटलं पाहिजे. लांब पाइप उभा करताना तारेला लागून माणसं दगावतात, म्हणून अंतर नियमापेक्षा जास्तच ठेवा.

कोणते कोड पाहायचे

भारतात पोल बार्नसाठी वेगळा कोड (बांधकामाचं भारतीय मानक, म्हणजे आयएस) नाही, चार-पाच कोड एकत्र वापरावे लागतात. स्वतःचं वजन, माणसांचा भार आणि वारा यांसाठी आयएस ८७५ चे भाग १, २ आणि ३, लोखंडासाठी आयएस ८००, काँक्रीटसाठी आयएस ४५६, लाकडासाठी आयएस ८८३, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बांधकामाला आयएस ३६२०. भूकंपासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा झोन ३ मध्ये आहे, पण पत्र्याच्या हलक्या शेडीत भूकंपापेक्षा वारा फार आधी भारी पडतो. कौलांची जड शेड असेल तर मात्र भूकंपही तपासून घ्या.

वाऱ्याचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा. इथलं गणित शाळेतलंच आहे.

आयएस ८७५ भाग ३ च्या २०१५ च्या आवृत्तीत पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे तासाला सुमारे १४० किलोमीटर. हा मोकळ्या जागेतला, १० मीटर उंचीवरचा, ५० वर्षांतून एकदा अपेक्षित असा झोत. याला तीन गुणक लागतात.

पहिला गुणक आयुष्याचा. शेतीच्या, न राहत्या इमारतींना कोड २५ वर्षांचं आयुष्य धरतो आणि ३९ च्या वेगाला ०.९२ हा गुणक देतो. तात्पुरत्या शेडीला ०.७६ मिळतो, आणि पैसे वाचवायला तोच लावायचा मोह होतो. पण ज्या शेडीत तुमची दुभती जनावरं वर्षानुवर्षं उभी राहणार ती तात्पुरती कशी?

दुसरा गुणक आजूबाजूच्या जागेचा. विखुरलेली झाडं-घरं असलेल्या मोकळ्या जागेला १० मीटर उंचीपर्यंत १.०. दाट कुळागरात थोडा कमी घेता येतो, पण मी घेत नाही. पोफळी रोगाने जातात, शेजारी आपली बाग विकतो, आणि आडोसा एका वर्षात नाहीसा होतो.

तिसरा गुणक डोंगराचा. सपाटीवर १.०, पण सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) कडेवर किंवा टेकडीच्या माथ्यावर तो १.३६ पर्यंत जातो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.३६ चा गुणक दाब जवळजवळ १.८५ पट करतो. सड्याच्या टोकावरची देखणी जागा सोडून पन्नास पावलं आत या.

सपाटीवरच्या शेडीसाठी ३९ × ०.९२ = ३५.८८. दाब म्हणजे ०.६ × ३५.८८ × ३५.८८, उत्तर चौरस मीटरला ७७२ न्यूटन, ढोबळ ७९ किलो. छपरावर हा दाब बहुतांशी वर ओढतो. किती ओढतो ते उतार आणि भिंतींवर अवलंबून असतं आणि अभियंता ते कोडच्या तक्त्यांतून काढतो. इथे समजण्यापुरता गुणांक १ धरू.

आता मामाच्या मांगराकडे परत या. मंगळुरी कौलांचं छप्पर रिपांसकट चौरस मीटरला ६० किलोच्या पुढे भरतं, शिवाय वासे. वाऱ्याने ७९ किलोने ओढलं तरी कौलांचं वजनच त्याला जवळजवळ पुरून उरत होतं, आणि कौलांच्या फटींतून हवा सुटून दाब आणखी कमी व्हायचा. पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, चौरस मीटरला पाचेक किलो, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) आणि कैच्या धरून १५. फटी नाहीत. ओढ तीच राहिली, वजन पाव झालं. उरलेली सगळी ओढ मेढींच्या मुळावर आली, आणि मेढी तर नुसत्या ठोकून बसवलेल्या होत्या. कौलं काढून पत्रे घालणाऱ्या प्रत्येकाने खांबांचा पाया नव्याने तपासायला हवा, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

६ × १० मीटरची शेड घ्या, चार जोड्यांत आठ खांब. मधल्या खांबाच्या वाट्याला १० चौरस मीटर छप्पर येतं. ओढ ७९० किलो, छपराचं वजन १५०. कोड सांगतो की वाऱ्याला १.५ ने गुणा आणि उपयोगी पडणाऱ्या वजनाला ०.९ ने. म्हणजे ११८५ वजा १३५, साधारण १०५० किलो. एक खांब, एक टनाहून जास्त ओढ.

भिंतींमुळे हा आकडा वाढतो. चारही बाजू उघड्या असतील तर वारा आरपार जातो. तीन बाजू बंद आणि एक उघडी असेल आणि वारा त्या उघड्या बाजूने आत घुसला, तर आतून वर ढकल आणि बाहेरून वर ओढ, असं दोन्ही एकदम होतं. मोठ्या उघडिपीच्या शेडीला कोड आतल्या दाबाचा गुणांक ०.७ धरायला सांगतो. पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेला आडोसा घालून पूर्व मोकळी ठेवायची आपली पद्धत बरोबरच आहे. पण मे महिन्यातले गडगडाटी झोत घाटाकडूनही येतात. म्हणून आडोशाची भिंत छपरापर्यंत नेऊ नका, वर दीड-दोन फूट मोकळं सोडा. गुरांना हवा मिळते आणि दाबही सुटतो.

पाया: वजन आणि पाणी

७५ सेंटिमीटर चौरस, १ मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा १३५० किलोचा. त्याला ०.९ ने गुणलं तर १२१५, आपल्या १०५० ला पुरतो. पण जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की हाच ठोकळा पाण्यात बुडतो आणि त्याचं परिणामी वजन ७८८ किलोवर येतं. ०.९ ने गुणल्यावर ७०९. आता तो पुरत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळपईकडे अनेकदा ४००० च्या पुढे. त्यामुळे सखल जागेतला पाया मी नेहमी बुडालेला धरूनच काढतो.

उपाय महाग नाही. खड्डा तळाशी रुंद घ्या, तिथे जाळी घातलेलं रुंद फुटिंग (पायाचा तळ) ओता, त्यावर बारीक पेडेस्टल (काँक्रीटचा आखूड खांब) उभं करा आणि वर माती थरथराने कुटून भरा. फुटिंगवरची माती पायाबरोबर उचलली जावी लागते, म्हणजे तिचं वजन तुमच्या बाजूने उभं राहतं. चिरा लागला तर खड्डा खालून थोडा आत कोरून घ्या, काँक्रीट तिथे अडकून बसतं. मऊ चिखल लागला तर जागा बदला.

जागा निवडतानाच पावसाळ्यात एक खड्डा खणून पाणी कुठवर चढतं ते पाहून ठेवा. नदीकाठी असाल तर जुन्या लोकांना विचारा. जुलै २०२१ च्या म्हादईच्या पुराच्या खुणा सत्तरीत अजून दाखवतील.

काँक्रीटला आयएस ४५६ किनारी हवेसाठी एम-३० (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) आणि ४५ मिलिमीटरचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सांगतो, फुटिंगला ५०. पाटीने मोजून, डोळ्यांनी पाणी ओतून एम-३० होत नाही. छोट्या कामालाही मिक्स डिझाइन घ्या, निदान पाण्याचा हिशोब सोडू नका. साध्या सिमेंटला ७ दिवस, मिश्र सिमेंटला १० दिवस पाणी मारा.

खांब

लाकडी मेढ हवीच असेल तर खैर, किंदळ, साग असं टिकाऊ लाकूड किंवा दाबाखाली रसायन भरलेलं लाकूड घ्या. लाकूड कुजतं ते जमीन आणि हवा मिळतात त्या वीतभर पट्ट्यात. नुसतं डांबर फासून चीर बंद होत नाही, उलट आतलं पाणी अडकतं. मेढीचं बूड काँक्रीटच्या पेल्यात ठेवू नका, त्यात पाणी साचतं. खाली खडी घाला, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पेडेस्टलवर लोखंडी जोडा बसवून मेढ त्यात बोल्टने धरा. जमिनीत रोवलीच तर बुडाशी आडवे तुकडे बोल्टने बसवा, म्हणजे वर ओढ आली की माती त्यांना धरते.

बहुतेकजण आता पाइप वापरतात. चारही बाजूंनी उघड्या, सव्वातीन मीटर उंचीच्या शेडीला १०० × १०० × ४ चा चौकोनी पाइप सुरुवातीला धरून हिशोब सुरू करता येतो, भिंत घेतलीत की तो पुरेलच असं नाही. पाइप थेट मातीत पुरू नका. पेडेस्टल जमिनीच्या किमान ४५ सेंटिमीटर वर आणा, कारण गुरांचं मूत आणि शेण लोखंडाला समुद्राच्या खाऱ्या हवेपेक्षाही लवकर खातं. त्यावर १२ मिलिमीटरची बेस प्लेट आणि चार अँकर बोल्ट. बोल्ट साच्यात बांधून काँक्रीटबरोबरच ओता, ओल्या काँक्रीटमध्ये नंतर खुपसलेला बोल्ट ओढीला टिकत नाही. पाइपचं वरचं तोंड प्लेटने बंद करा, नाहीतर आत पाणी भरून तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. जस्त चढवलेल्या पाइपला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. जोड शक्यतो बोल्टचे ठेवा, आणि वेल्ड केलाच तर घासून जस्ताचं प्रमाण जास्त असलेला रंग दोनदा लावा.

तिरके आणि जोड

खांब उभा राहिला म्हणजे शेड उभी राहिली असं नाही. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत खांबांमध्ये फुलीसारखे तिरके घाला, छपराच्या पातळीतही तसेच. खांब आणि कैचीच्या कोपऱ्यात हात घाला. ट्रॅक्टर किंवा गाडी जायला आड येतात म्हणून मालक तिरके कापून टाकतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. आधीच विचारून घ्या, वाहनाचा गाळा मोकळा सोडा आणि तिरका शेजारच्या गाळ्यात न्या.

ओढीचा रस्ता बोटाने मागे नेत जा: पत्रा, स्क्रू, पर्लिन, क्लीट, कैची, खांबाचा माथा, बेस प्लेट, बोल्ट, पाया. यांतला प्रत्येक जोड तो टनभर भार पुढे देतो का? मामाच्या मांगरात रिपा वाशांना नुसत्या खिळ्यांनी मारलेल्या होत्या. खिळा खाली दाबणाऱ्या वजनाला चालतो, वर ओढलं की सुटतो.

छप्पर

पत्र्याला १० ते १५ अंश उतार ठेवा, कौलांना २५ च्या पुढे. पर्लिन १.२ मीटरवर. पागोळीला, आढ्याला आणि दोन्ही टोकांच्या कडांना स्क्रू दाट, प्रत्येक उंचवट्यावर, कारण कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असते. मध्ये एक सोडून एक चालतो. रबरी वॉशर चांगल्या प्रतीचा घ्या, उन्हाने तो आधी मरतो. पागोळीचा पत्रा ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नका. पावसाची झड आत येते म्हणून लोक चार-चार फूट काढतात आणि वारा पहिला हात तिथेच घालतो. झड अडवायला स्वतंत्र पडदा किंवा चुडतांची झांपं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावा, ती गेली तरी छप्पर राहतं.

पानं काढायला माणूस वर चढणारच. १० अंशांपर्यंतच्या छपराला कोड चौरस मीटरला ७५ किलोचा भार धरायला सांगतो, तो धरलेला आहे ना ते पाहा.

६० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार लिटर पाणी पडतं. ते खांबांच्या मुळाशी पडू देऊ नका. पन्हाळ लावा किंवा पागोळीखाली चिऱ्यांची गटार बांधून उतारावर सोडा. अर्थिंगचा खड्डाही याच वेळी करून घ्या, लोखंडी सांगाडा त्याला जोडा.

कामाचं वेळापत्रक

कागद पावसाळ्यात फिरवा. दिवाळीनंतर खड्डे, डिसेंबर-जानेवारीत काँक्रीट, फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगाडा, एप्रिल संपण्याआधी पत्रे पूर्ण. अर्धे पत्रे घातलेली शेड मे महिन्यात तशीच सोडू नका. पंचायतीकडून पूर्णत्वाचा दाखला लगेच घ्या, वीजजोडणीला तो लागेल.

खड्डे भरण्याआधी, बोल्ट ओतण्याआधी आणि पत्रे चढण्याआधी अभियंत्याला जागेवर बोलवा आणि फोटो काढून ठेवा. मग दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिडी लावा, प्रत्येक स्क्रू हाताने तपासा, मेलेले वॉशर बदला, बेस प्लेटचे नट पाना लावून आवळा, आणि पेडेस्टलभोवती साचलेलं शेण खरवडून काढा.